दादाचं वेळापत्रक आणि बबडीचं व्हायोलिन

आमच्या दादाकडे वेळ नाही असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. वेळ त्याच्याकडे भरपूर आहे. तो कुठे ठेवावा एवढंच त्याला ठरवता येत नाही. मागच्या वर्षी तर वेळ ठेवायला त्याने इतके डबे आणले, की वेळ राहिला बाजूला आणि आम्ही डबेच घासत बसलो.

आम्हा दोघा बहीणभावांचं व्हायोलिन दुरुस्तीचं दुकान आहे. रस्त्याला लागून एक लांबट खोली, पुढे काचेचं दार, आत दोन टेबलं. खिडकीजवळचं दादाचं, मागचं माझं. दादा लाकडाचं काम करतो. तडे सांधतो, सुटलेली फळी सरसाने पुन्हा चिकटवतो, झिजलेल्या खुंट्या बदलतो. मी गजांचं बघते. गजाचे जुने केस उपसून काढायचे आणि नवे घोड्याचे केस विंचरून, ताणून बसवायचे. या कामाला नजर बारीक लागते आणि स्वभाव तापट असला तरी चालतो, कारण गज उलट बोलत नाही.

डब्यांचं सगळं प्रकरण सुरू झालं ते बबडीच्या व्हायोलिनवरून. बबडी म्हणजे दादाची मुलगी. दुसऱ्या गावी संगीताच्या कॉलेजात शिकते, वसतिगृहात राहते. ती एवढीशी होती तेव्हापासून दादा तिला सांगत आला होता, की तुझं व्हायोलिन मी स्वतः घडवणार. लोकांची मोडलेली वाद्यं नीट करण्यात त्याची उमर गेली होती, पण कोऱ्या लाकडापासून घडवलेलं असं त्याच्या हातचं एकही नव्हतं. बबडी वाढत वाढत उंचीने आईच्याही पुढे गेली. व्हायोलिनची मात्र नुसती पाठ तयार होती आणि ती कपाटात फडक्यात गुंडाळून झोपली होती.

मग एके दिवशी बबडीचा फोन आला. मोठ्या वाद्यवृंदात घ्यायच्या मुलांची चाचणी उन्हाळ्याच्या शेवटी होणार होती. तिच्याकडचं जुनं व्हायोलिन म्हणजे नुसतं खोकं. त्याचा आवाज परीक्षकांच्या टेबलापर्यंत पोचता पोचता दम तोडणार हे तिला माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं.

"बाबा, तोपर्यंत होईल ना?" ती म्हणाली. "नसेल होत तर सांग. कॉलेजचं एक चांगलं व्हायोलिन आहे, पण ते आधी अर्ज करून मागावं लागतं."

"अर्ज कशाला? होणार म्हणजे होणार," दादा म्हणाला आणि फोन ठेवून रांगेत टांगलेल्या गिऱ्हाइकांच्या व्हायोलिनांकडे बघत राहिला.

नेमके त्याच आठवड्यात विमावाले दुकानात आले. हे विमा कंपनीतले एक गृहस्थ. फावल्या वेळात व्हियोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, वाजवतात. बरा वाजवतात, असं आम्ही त्यांना तोंडावर सांगतो. दादाने त्यांच्यापुढे रडगाणं गायलं. त्यावर ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुमचा प्रश्न वेळेचा नाहीच. व्यवस्थेचा आहे." मग खिशातून फोन काढून त्यांनी आपला अख्खा दिवस दादाला उलगडून दाखवला. निळी कामं, पिवळी कामं, हिरवी कामं. जेवणसुद्धा एका चौकटीत बसवलेलं. दादा असा बघत होता, की जणू कोणीतरी त्याला जुन्या उस्तादाच्या हातचं वाद्य दाखवतंय. मी तेव्हाच ओळखलं की हा गेला.

दुसऱ्या दिवसापासून डब्यांची, म्हणजे फोनवरच्या अ‍ॅप्सची, निवड सुरू झाली. कामांची यादी ठेवणारी अ‍ॅप्स वेगळी, कॅलेंडरची वेगळी, किती वेळ काम केलं ते मोजणारी वेगळी. दादाने एकेक उतरवून घेतलं, वापरून बघितलं, नाक मुरडलं, काढून टाकलं. एकाचे रंग आवडले पण आवाज कर्कश. दुसऱ्याचा आवाज गोड पण अक्षर बारीक. तिसरं सगळ्या बाबतीत उत्तम, फक्त ते दर सकाळी "आज तुम्ही जग जिंकणार" असं सांगायचं आणि दादा बिचारा लाजायचा. शेवटी त्याने कोणतं घ्यावं हे ठरवायला एक तक्ता केला. आडव्या रांगेत अ‍ॅप्स, उभ्या रांगेत गुण. तक्ता फार सुबक झाला होता.

"दादा, हे काय चाललंय?" मी विचारलं.

"नीट निवडायला हवं. चुकीचं घेतलं की पुढे सगळी कामं उचलून दुसरीकडे न्यावी लागतात."

"आणि व्हायोलिन?"

"अगं, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप."

शेवटी तीन अ‍ॅप्स पास झाली. मला वाटलं, सुटलो. पण आता त्या तिघांची एकमेकांशी ओळख करून द्यायची होती. यादीत घातलेलं काम आपोआप कॅलेंडरात दिसलं पाहिजे, कॅलेंडरातली वेळ आली की घड्याळ आपोआप सुरू झालं पाहिजे, घड्याळ थांबलं की यादीत आपोआप खूण झाली पाहिजे. दादा याला 'जोडणी' म्हणायचा. लाकडाच्या दोन फळ्यांची जोडणी हा माणूस डोळे मिटून करतो, पण या तिघांनी त्याच्या नाकी नऊ आणले. एक काम घातलं की ते दोन ठिकाणी उगवायचं, त्यातलं एक पुसलं की दोन्ही गायब. एका सकाळी सरस तापवायची आठवण तिघांनीही मिळून एवढ्या वेळा केली, की दादा दर वेळी उठून शेगडी मोठी करत गेला आणि सरस करपला. करपलेल्या सरसाचा वास ज्याने घेतला नाही त्याने तो घेऊही नये. दिवसभर गिऱ्हाईक दारातूनच बोलून परत जात होतं.

घड्याळाची आणखी एक तऱ्हा होती. थोडं काम झालं की ते किणकिणायचं आणि म्हणायचं, उठा, जरा पाय मोकळे करा. आता सरस लावलेली फळी दोन्ही हातांनी दाबून धरलेला माणूस उठणार कसा? एकदा मी केसांचा जुडगा विंचरत होते आणि सहज वर बघितलं, तर दादा दोन्ही हात अडकलेल्या अवस्थेत वाकून नाकाने फोन बंद करत होता. काचेबाहेर उभी असलेली एक बाई आत न येताच निघून गेली. मी तिला दोष देत नाही.

पण खोटं कशाला बोलू, त्यातली एक गोष्ट मात्र झकास जमली. पूर्वी दिवसभर फोन यायचे, "झालं का, झालं का?" दादाने अशी जोडणी केली, की एखाद्या वाद्याच्या सगळ्या बारीकसारीक कामांवर खूण झाली की त्या गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज जायचा : आपले वाद्य तयार आहे. कृपया घेऊन जावे. लोक वेळेवर यायला लागले, भिंत रिकामी व्हायला लागली. दुपारी चहा गरम असताना प्यायला मिळू लागला. मी हे दादापुढे कबूल केलं, तोंड वाकडं करून का होईना.

बबडीचं व्हायोलिनही त्याने या व्यवस्थेत घातलं. हौसेने घातलं. बाकीची कामं निळी-पिवळी, हे एकटं हिरवं. त्याचे लहान लहान तुकडे केले. कडेच्या पट्ट्या वाकवणे, वरची फळी कोरणे, मान बसवणे, असे. गिऱ्हाइकाच्या जागी बबडीचा नंबर टाकला आणि स्वतःशीच हसला. भिंत रिकामी झाल्यामुळे हाताला उसंत होती, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत त्याने फार सुंदर काम केलं. फळी कोरताना त्याच्या रंध्यातून निघणारी सालं इतकी पातळ असायची की फुंकरीने उडायची. व्हायोलिनचा डबा बंद झाला, मान बसली, मानेवरची बोटांची पट्टी चिकटली. दर कामावर खूण करताना तो बोट जरा जास्तच वेळ दाबून धरायचा.

आणि मग तिथेच घोडं अडलं. खुंट्या घालायच्या, आतली काडी उभी करायची, तारांखालची घोडी कापून बसवायची आणि तारा चढवायच्या, एवढंच राहिलं होतं. आणि व्हार्निश. चाचणी तोंडावर आली होती. गिऱ्हाइकांची गर्दी नव्हती. दादा ते कोरं, पांढरं व्हायोलिन कपाटातून काढायचा, कानाजवळ धरून बोटाने टकटक करायचा, ऐकायचा आणि परत ठेवून द्यायचा. मग फोन घेऊन बसायचा. हिरवा रंग बदलून जांभळा केला. जांभळ्याचा पुन्हा हिरवा केला. यादीच्या डोक्यावर राहिलेल्या कामांचा लाल आकडा दिसायचा, तो बघून उसासा टाकायचा.

वहिनी संध्याकाळी दुकानात डोकावली की विचारायची, "अहो, लेकीला काय सांगायचं?"

"व्हार्निश राहिलंय. त्यात घाई करून चालत नाही," दादा म्हणायचा. ते खरंच होतं, म्हणून वहिनी गप्प बसायची. मी मात्र मनातल्या मनात धुमसत होते. व्हार्निशला वेळ लागतो हे मला कळतं. तारा चढवायला काय धाड भरली होती?

एका सकाळी दादा शीळ घालत दुकानात आला. कित्येक दिवसांत त्याचा चेहरा इतका उजळ दिसला नव्हता.

"काल संध्याकाळी सगळं साफ केलं," तो म्हणाला. "हे बघ, लाल आकडा गेला."

माझा जीव हरखला. "तारा चढवल्यास?"

"नाही. जी कामं राहिली होती ना बबडीच्या व्हायोलिनची, ती उचलून वेगळ्या यादीत ठेवली. 'नंतर' म्हणून नवी यादी केली आहे. विमावाले म्हणतातच, डोळ्यांसमोर नसलं की डोक्यावरचा भार हलका होतो."

"म्हणजे कामं संपवायच्या ऐवजी यादी संपवलीस."

"तुला यातलं काही कळत नाही," दादा म्हणाला. ते बाकी खरं होतं, कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते मलाही तेव्हा कळलं नाही.

ऊन डोक्यावर यायच्या आत काचेचं दार उघडलं आणि बबडी आत आली. पहिल्या बसने आली होती. केस विस्कटलेले, खांद्यावर व्हायोलिनची पेटी, आणि तोंडावर असा आनंद की मला क्षणभर तिचं लहानपणच दिसलं. पेटी तिने टेबलावर ठेवली. ठेवतानाच कळलं की ती रिकामी आहे.

"कुठे आहे?" ती म्हणाली. "दाखव ना, बाबा."

"काय कुठे आहे?"

तिने फोन पुढे केला. आपले वाद्य तयार आहे. कृपया घेऊन जावे.

दादाचा चेहरा सरसासारखा पिवळा पडला. राहिलेली कामं त्याने दुसऱ्या यादीत हलवली, तेव्हा हिरव्या यादीत फक्त खूण झालेलीच कामं उरली. अ‍ॅपने बघितलं, सगळ्यांवर खूण आहे, म्हणजे वाद्य तयार. आणि इमानदारीत गिऱ्हाइकाला निरोप धाडला. त्या बिचाऱ्याने सांगितलेलंच केलं होतं. दादा हे सगळं बबडीला समजावून सांगायला लागला, नियम, यादी, जोडणी, आणि ती पोरगी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

मला राहवलं नाही. "व्हायोलिन तयार नाही, बबडे," मी म्हणाले. "चुकून मेसेज गेला."

ती स्टुलावर बसली. रिकामी पेटी तिने जवळ ओढली. मग म्हणाली, "काल मी कॉलेजच्या ऑफिसबाहेर रांगेत उभी होते. त्यांचं व्हायोलिन मागायचा अर्ज हातात होता. कालचा शेवटचा दिवस होता. माझा नंबर येणार तेवढ्यात हा मेसेज आला. मी रांग सोडून बाहेर आले आणि नाचले, आत्या. रस्त्यावर."

दादा खाली बघत होता. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटला. आता कॉलेजचं व्हायोलिन नाही, हे तयार नाही, आणि ते जुनं खोकं घेऊन माझी भाची परीक्षकांपुढे उभी राहणार.

"दाखव तरी," बबडी म्हणाली.

दादाने कपाट उघडून फडकं सोडलं. ते पांढरं, कोरं लाकूड तिने मांडीवर घेतलं आणि कडेवरून बोट फिरवलं. वळणावर आल्यावर तिचं बोट थांबलं, परत फिरून पुन्हा त्याच वळणावरून गेलं.

"काय राहिलंय?"

"व्हार्निश," दादा म्हणाला. "बरेच हात द्यावे लागतात. प्रत्येक हात वाळायला..."

"आणि तारा," मी म्हणाले.

बबडीने मान वर केली. "व्हार्निश नसलं तर वाजत नाही का?"

दादा फडक्याची घडी घालायला लागला. मग मीच बोलले. "वाजतं की. घडवणारे पुष्कळदा आधी कोरंच वाजवून बघतात."

"मग तू का नाही बघितलंस, बाबा?"

दादाने फोन उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"भीती वाटली," तो म्हणाला. "लोकांची वाद्यं माझ्या हातात येतात ती दुसऱ्या कोणीतरी घडवलेली. वाईट वाजली तर दोष त्याचा, सुधारली तर श्रेय माझं. हे वाईट वाजलं तर दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवू? आणि तू मला वाईट म्हणणार नाहीस. चांगलं आहे म्हणशील, आणि जन्मभर तेच घेऊन बसशील."

इतकी वर्षं मी याच्या मागच्या टेबलावर बसते. हा माणूस आळशी आहे, वेंधळा आहे, छंदिष्ट आहे, असं मी सगळ्यांना सांगत आले. हा घाबरलाय हे मला एकदाही सुचलं नाही.

बबडीने व्हायोलिन त्याच्यापुढे ठेवलं. "मी काही तुझ्यासारखी विमावाल्यांना बरं वाजवता म्हणणारी नाही. वाईट वाजलं तर वाईट म्हणेन. तारा चढव."

दादा कामाला बसला. खुंट्या तासून भोकांत बसवल्या. वाकड्या हत्याराच्या टोकावर ती काडीएवढी दांडी धरून फळीतल्या चिरेतून आत नेली आणि दोन फळ्यांच्या मध्ये उभी केली. घोडी कोरली, लावून बघितली, काढली, पुन्हा कोरली. त्याचा फोन माझ्याकडे होता आणि तो सारखा काहीतरी मागत होता. पाणी प्या. पुढचं काम सुरू करा. आपण बराच वेळ एका जागी बसला आहात. मी त्याला दोनदा गप्प बस म्हणाले, मग गजांच्या केसांच्या खोक्यात तोंडावर पाडून ठेवला. दारात आलेल्या गिऱ्हाइकांना मी हात हलवून उद्या या म्हणून सांगितलं. वहिनी डबा घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली.

बबडीने सूर जुळवले. माझ्याकडच्या गजांतला एक उचलून तिने पहिला लांब सूर ओढला. नव्या लाकडाचा आवाज होता, कच्चा, जरा चिडखोर. दादाने डोळे घट्ट मिटले.

"तिसरी तार घोगरी आहे," बबडी म्हणाली.

दादाने डोळे उघडले आणि तोंडभर हसला. पोरगी खरं बोलत होती. त्याने आतली दांडी केसभर सरकवली. तिने वाजवलं, मान हलवली. पुन्हा सरकवली. घोडी काढून पायाशी आणखी पातळ केली. बाहेर ऊन उतरलं, मी दिवा लावला, आणि त्या दोघांचं आपलं चालूच, सरकव, वाजव, नाही, आणखी थोडं. कधीतरी बबडीने पुन्हा तिसऱ्या तारेवर गज ठेवला आणि सूर असा मोकळा सुटला, की भिंतीवर टांगलेली लोकांची व्हायोलिनंसुद्धा हळूच घुमली. ती थांबली नाही. चाचणीत वाजवायचं होतं ते सगळं तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. वहिनीने डबा खाली ठेवला आणि पदराने डोळे टिपले. मी रडले नाही असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

"वाईट नाही," बबडी म्हणाली.

दादाने फडक्याने तारांखालची धूळ पुसली आणि व्हायोलिन स्वतःच्या हाताने पेटीत ठेवलं. रिकामी आलेली पेटी आता भरली होती.

"चाचणी झाली की परत आण. व्हार्निश करून देतो," तो म्हणाला.

"आणीन. पण परीक्षक विचारणार, असलं पांढरं व्हायोलिन कुठून आणलंस? कोणी घडवलं?"

"चांगलं वाजलं तर माझं नाव सांग."

"आणि वाईट वाजलं तर?"

दादाने पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या, ओढून बघितल्या.

"तरी माझंच सांग," तो म्हणाला आणि पेटी खांद्यावर घेऊन बसच्या थांब्याकडे तिच्या आधीच निघाला.